एका फोटोपुरता डेटा

बाईंना बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कप हातात घेऊन त्या ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून अंगणापर्यंत फिरत राहायच्या आणि शेवटी रिकामा कप जिन्याच्या कुठल्यातरी पायरीवर राहून जायचा. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. सकाळी ऑफिसला उतरताना तो कप उचलून खाली स्वयंपाकघरात ठेवणं हे माझं कामच होऊन गेलं होतं.

इंदूरला अन्नपूर्णेच्या देवळामागच्या गल्लीत ते घर होतं. खाली दोघी बहिणी राहायच्या. धाकट्या म्हणजे आमच्या बाई. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गल्लीतला भाजीवालासुद्धा त्यांना ‘बाईजी’ म्हणायचा. थोरल्या ताई शिक्षण खात्यात क्लार्क होत्या. वडील मिलच्या ऑफिसात कारकून होते, ते लवकर गेले. ताईंनी नोकरी धरली, धाकटीला आणि भावाला शिकवलं, आई म्हातारी झाली तिचं केलं. या सगळ्यात दोघींची लग्नं राहून गेली. त्याबद्दल दोघींनाही फारसं बोलायचं नसायचं.

बाईंना बोलायचं असायचं ते नद्यांबद्दल. “नर्मदा मी उगमापासून मुखापर्यंत शिकवली, अन पाहिली कुठून? ओंकारेश्वरच्या पुलावरून. ते पण मुलांची ट्रिप घेऊन. मतलब, अर्धं लक्ष डोकी मोजण्यात.”

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी स्कूल व्हॅन घेतली. मल्हारगंजातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात ती उभी करून आतली बाकं काढली आणि दोन बर्थ, एक ओटा, पाण्याची टाकी आणि छतावर सोलरचं पॅनल बसवून घेतलं. बाहेरचा पिवळा रंग मात्र तसाच ठेवला. पुढे त्याचा असा परिणाम झाला की खेड्यापाड्यात मुलं दप्तर सावरत व्हॅनच्या मागे धावायची आणि बाईंना प्रत्येक वेळी थांबून “मी शाळेची नाही रे बाबा” म्हणून समजवावं लागायचं. निम्म्या वेळा त्या समजवायच्या नाहीतच, सरळ मुलांना शाळेपर्यंत सोडायच्या.

दोन बर्थ होते कारण दोघी जाणार होत्या. पण व्हॅन तयार होऊन अंगणात आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत सगळं होतं. चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, तो कुणी पाहू नये म्हणून त्या पाहुणे आले की भिंतीकडे तोंड करायच्या. फोनवर व्हिडिओ लावला की डावा हात उचलून फोन पालथा घालायच्या. ग्वाल्हेरच्या मावसबहिणीशी त्या अशाच वागल्या, आणि भाचा मिलिंद, म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा, त्याच्याशीही.

ते वर्ष मी वरून पाहिलं. व्हॅनवर ताडपत्री होती आणि बाई अंगणात येरझाऱ्या घालायच्या. ताडपत्रीभोवती फिरून आत, ताईंना औषध, परत बाहेर. मला वर झोपाळ्यावर बसून पुस्तक वाचणं अशक्य व्हायचं. त्यांची चप्पल थांबली की मी मान वर करून बघायचे, आणि परत सुरू झाली की बरं वाटायचं.

मग एका सकाळी ताईंनी खिळ्याला अडकवलेल्या व्हॅनच्या चावीकडे बोट केलं आणि मग फाटकाकडे. बाईंनी “काहीतरीच काय” म्हणून घास पुढे केला. ताईंनी तोंड मिटलं. दुपारी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. देखभालीला ठेवलेली रेखा भरवायची तेव्हा त्या निमूट जेवायच्या, बाईंच्या हातून मात्र पाणीसुद्धा घेईनात. शेवटी बाई वर माझ्याकडे आल्या, माझ्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, “हाकलून राहिली आहे मला. काय करू?”

“जा,” मी म्हणाले.

“लोक काय म्हणतील, ठाऊक आहे?”

लोक म्हणालेच. आजारी बहिणीला टाकून ही गावभर हिंडते, हे मी दुकानात, मंदिरात, जिन्यात सगळीकडे ऐकलं. बाई महिन्यातले आठ-दहा दिवस घरी असायच्या आणि बाकीचे बाहेर. निघताना त्यांनी ताईंना एकच शब्द दिला होता: रोज एक फोटो. मी त्यांना ब्लॉग काढून दिला. ‘आज इथे’ हे नाव त्यांचं. रोज एक फोटो, खाली एक ओळ, बस. संध्याकाळच्या चहाला रेखा ताईंपुढे टॅबलेट उभा करायची आणि ताई डाव्या हाताच्या बोटांनी फोटो मोठा करून कोपरान् कोपरा बघायच्या. मग मी बाईंना कळवायचे: आज बकऱ्या बघितल्या. आज फोटोतल्या मागच्या दाराकडे खूप वेळ बघत होत्या.

त्या एका फोटोसाठी बाईंनी जी काटकसर केली, तशी मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेली नाही.

“हे बघ,” त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं, “डेटा म्हणजे आपलं नर्मदेचं पाणी. एक दिवसाआड नळ. टाकी भरली की आधी पिण्याचं काढून ठेवायचं, मग स्वयंपाकाचं. धुणं उरलं तर. पिण्याचं म्हणजे ताईचा फोटो. बाकी सगळं धुणं.”

धुणं म्हणजे काय काय होतं, ते हळूहळू कळत गेलं. नकाशे त्या घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यायच्या. बातम्या बंद, गाणी बंद. व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ग्रुपमधून त्या एकाच दुपारी बाहेर पडल्या आणि नात्यात हलकल्लोळ झाला. ग्वाल्हेरच्या मावसबहिणीचा फोन आला, आमचं काय चुकलं म्हणून. बाई म्हणाल्या, “चुकलं काही नाही गं. तू रोज सकाळी गुलाब पाठवतेस ना, तो उतरवायला माझी अर्धी टाकी जाते.” बहीण वर्षभर बोलली नाही.

एकदा मांडूजवळ त्यांच्या फोनने न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं. दिवसाचा सगळा डेटा गेला. बाईंनी मला ऑफिसात फोन केला तो अशा आवाजात की मला वाटलं व्हॅन चोरीला गेली. “मी भाजी चिरून राहिले होते, अन तो तिकडे पडल्या पडल्या पिऊन राहिला होता,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून फोन वापरून झाला की त्या विमानात बसल्यासारखा एरोप्लेन मोडवर टाकायच्या. परिणामी त्यांना फोन लागायचा नाही. त्या करतील तेव्हाच.

फोटो लहान करायला मी शिकवलं, तर त्यात त्या इतक्या पुढे गेल्या की एकदा बैलाची शिंगंच विरघळली. ताईंनी बराच वेळ टॅबलेट जवळ-लांब करून पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवई उचलली. मी बाईंना सांगितलं, “इतका पण बारीक नको. ताईंना बैलाचं गाढव दिसलं.” त्या दिवसापासून त्यांनी प्रमाण धरलं. दोन कंपन्यांची सिम ठेवली, एक शहरात चालणारं आणि एक डोंगरात. कुठल्याही गावात शिरलं की त्यांचा पहिला प्रश्न, “भिया, टावर किधर है?” पाणी, सावली, संडास, सगळं त्यानंतर.

एकदा मी त्यांच्याबरोबर गौतमपुऱ्याला गेले होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट असतं. हिंगोट हे जंगली फळ. ते पोखरून आत फटाक्यांची दारू भरतात आणि दोन गावांची माणसं मैदानात समोरासमोर उभी राहून ती पेटवून एकमेकांवर फेकतात. मला ते लहानपणापासून बघायचं होतं. आम्ही दुपारीच पोचलो. बाईंनी एका ओसरीवर हिंगोटाच्या टोपलीशी बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढला. मग गर्दी वाढत गेली. प्रत्येकाचा हात वर, प्रत्येक हातात फोन, प्रत्येक फोनवर लाइव्ह. बाईंच्या फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या होत्या आणि फोटो जागचा हलत नव्हता.

पहिलं हिंगोट सुटलं, मैदानभर आरडाओरड झाली, आणि बाई म्हणाल्या, “चल, निघू.”

“आत्ता? बाई, आत्ता तर सुरू झालंय.”

“म्हणून तर. इथे थांबलो तर फोटो मिळेल, जाणार नाही. बाहेर पडलो तर आहे तो तरी जाईल.”

त्या चालायलाही लागल्या होत्या. मी मागे वळूनवळून बघत त्यांच्या पाठी गेले. देपालपूरच्या रस्त्याला, सोयाबीन काढलेल्या शेताच्या कडेला त्यांनी व्हॅन थांबवली, फोन हात उंच करून धरला आणि फोटो गेला. मागे आकाशात ठिणग्या उडत होत्या. मी धुसफुसत म्हणाले, “ताईंनी एक दिवस वाट पाहिली असती.”

“पाहिली असती ना,” बाई म्हणाल्या. “तेच तर नको. आयुष्यभर तिने तेच केलं.”

आणि अशा या बाईंचा फोटो गेल्या हिवाळ्यात यायचा थांबला.

त्या आलीराजपूरकडच्या डोंगरात होत्या. संध्याकाळी मला फोन आला, आवाज तुटत होता. “डेटा संपला. आज फोटो नाही. ताईला सांग.” फोन बंद. मी ताईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच शब्द. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून त्यांच्या नंबरवर डेटाचा जादा पॅक टाकला आणि निश्चिंत झाले. संध्याकाळी फोन, “संपला. ताईला सांग.”

“बाई, मी सकाळीच टाकलाय.”

“तू टाकलास होय? तरी म्हटलं आज दुपारपर्यंत कसा चालला.” आणि फोन बंद.

माझं डोकं चालेना. गुलाबाचं चित्र न परवडणारी बाई एवढ्या डेटाचं करते काय? शिवाय त्या एका जागी दोन रात्रींच्या वर कधी राहत नसत, आणि आता आठवडा होत आला तरी तिथून हलल्या नव्हत्या. ताई टॅबलेटकडे बघायच्या, मग दाराकडे. जेवण अर्धं व्हायला लागलं. मिलिंद आला आणि त्याने रेखाला एक जुनाच फोटो लावायला सांगितला, महेश्वरच्या घाटाचा. ताईंनी क्षणभर पाहिलं आणि टॅबलेट पालथा घातला.

“बस हो गया,” मिलिंद बाहेर येऊन मला म्हणाला. “आत्याला घेऊनच येतो. व्हॅन विकून टाकू. एक इथे पडलेली, दुसरी तिकडे कुठे पडली तर कळणार पण नाही आपल्याला. तुम्ही येता का बरोबर? माझं एकट्याचं ती ऐकणार नाही.”

रविवारी आम्ही पहाटे निघालो. धार, मग कुक्षी, मग पुढे रस्ता चढायला लागला. मिलिंद सगळ्या वाटेत आत्याला काय काय सुनवायचं ते मला सुनवत होता. पिवळी व्हॅन लांबूनच दिसली. एका टेकाडावर, पळसाच्या झाडाखाली उभी होती. खाली विखुरलेली घरं. बाई व्हॅनच्या बाहेर चुलीपाशी होत्या. आम्हाला पाहून त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं.

आत बर्थवर एक अगदी तरुण बाई बसली होती. मांडीवर तान्हं मूल, शेजारी सासू. समोर पाण्याच्या डब्याला टेकवून बाईंचा फोन उभा होता आणि त्यावर दवाखान्यातल्या खाटेवरचा एक माणूस दिसत होता. कुणीच बोलत नव्हतं. तो नुसता मुलाकडे बघत होता. मग त्याचे डोळे मिटायला लागले आणि सासूने हळूच पदराने फोनवरची धूळ पुसली.

“सुमलीचा नवरा,” बाई चुलीपाशी हलक्या आवाजात सांगू लागल्या. “गुजरातेत बांधकामावरून पडला. कमरेचं ऑपरेशन झालंय. शेजारच्या खाटेवाल्याचा फोन घेऊन बोलतो. ही ओली बाळंतीण, जाणार कशी? गावातले चांगले फोन सगळे मजुरीला गेलेत, अन रेंज फक्त इथे, या टेकाडावर. मी पहिल्या दिवशी पाच मिनिटांसाठी लावून दिला. बंद केला तर तो तिकडे नळ्या उपसायला लागला. नर्सने परत लावायला सांगितला.”

“म्हणजे दिवसभर चालू?” मी विचारलं.

“तो झोपेपर्यंत. उठला की परत.”

“आत्या, आम्हाला सांगायचं ना,” मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज वाटेतला राहिला नव्हता.

“काय सांगणार? तुझ्या वाटणीचा फोटो दुसऱ्याला दिला, असं ताईला कळवू?” त्या उठल्या, पळसापर्यंत गेल्या, परत आल्या. “रोज ठरवते, आज थोडा मागे ठेवीन. अन रोज तो माणूस त्या पोराकडे बघून राहतो. माझ्याच्याने बटण दाबलं जात नाही.”

मिलिंदने व्हॅन विकण्याचा विषय काढला नाही. मग गाडीतून आपला ऑफिसचा दुसरा फोन घेऊन आला, रेंज येते का पाहिलं आणि सुमलीच्या सासूला तो कसा धरायचा, चार्ज कुठे लावायचा, हे त्याने तीनतीनदा समजावलं. निघताना बाईंना म्हणाला, “ऑफिसला काय सांगायचं ते मी बघतो.” तो माणूस पुढे दोन महिन्यांनी गावी आला. काठी घेऊन चालतो असं बाईंकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईंच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. टेकाड, मूल, पाण्याच्या डब्याला टेकवलेला फोन, सगळं. बाईंचं ते “तुझ्या वाटणीचा फोटो” हे वाक्यसुद्धा सांगितलं. ताई छताकडे बघत ऐकत होत्या. मग त्यांनी रेखाकडे पाहून डाव्या हाताने केसांवरून कंगवा फिरवल्याची खूण केली. रेखाने केस विंचरले. ताईंनी पदराला हात लावला, तेव्हा तिने धुतलेलं पातळ आणलं. ते नेसून झाल्यावर ताईंनी टॅबलेटकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या चेहऱ्याभोवती हवेत एक गोल काढला.

रेखा माझ्याकडे बघायला लागली. “दीदी, ये तो वीडियो का बोल री हैं।”

बाईंना फोन लागला, हे आधी नवल. आता एरोप्लेन मोड नव्हता. “काय झालं? ताई बरी आहे ना?”

“बऱ्या आहेत. त्यांना व्हिडिओवर बोलायचंय.”

“कोणाला? ताईला?”

“हो. लावते आहे मी.”

चित्र आलं तेव्हा आधी डोंगर दिसले. हिवाळ्यातले, पिवळे पडलेले. फोन हातात धरून बाई चालत होत्या, त्यामुळे सगळं हलत होतं. त्यांचा आवाज घाईघाईने येत होता. “ताई, हे बघ, हा मुख्य विंध्य नव्हे हं, त्याचा इकडचा फाटा. अन ते खाली दिसून राहिलं ना, तो नाला नर्मदेला मिळतो. थांब, त्या बाजूने दाखवते, तिकडून नीट—”

ताईंनी मान हलवली. घशातून आवाज काढला. बाईंना तो कळला नाही, त्या आणखी वेगाने डोंगर फिरवायला लागल्या, मग घरं, मग पळसाचं झाड. ताईंनी परत मान हलवली, या वेळी जोरात, आणि डावा हात उलटासुलटा केला.

“मैडमजी,” रेखा पुढे होऊन म्हणाली, “पहाड़ नी देखना इनको। कैमरा घुमाओ। आपको देखना है।”

पळस थांबला. “मला?” बाई म्हणाल्या.

मग पडद्यावर त्या आल्या. इतक्या महिन्यांत ब्लॉगवर त्यांचा स्वतःचा एकही फोटो आला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. उन्हाने रापलेल्या. आणि केस कानापर्यंत कापलेले. वाटेत कुठल्यातरी न्हाव्याकडून कापून घेतले असणार, एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड.

ताई बघत राहिल्या. मग त्यांच्या ओढलेल्या तोंडातून एक आवाज सुटला. मी घाबरून त्यांचा हात धरला. रेखाने मान डोलावली आणि कळलं, त्या हसत होत्या. सगळा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

बाईंचा हात केसांकडे गेला. “पाणी कमी लागतं गं धुवायला,” त्या म्हणाल्या. “फार वाईट दिसतंय का?” आणि चित्र तिथेच अडकलं. हात केसांत, तोंड अर्धं उघडं.

मी परत लावायला टॅबलेट घेऊ लागले, तर ताईंनी तो घट्ट धरला. अडकलेलं चित्र त्या बोटांनी मोठं करत होत्या, आधी केस, मग डोळे, मग कान. जरा वेळाने माझा फोन वाजला.

“संपला,” बाई धापा टाकत म्हणाल्या, चढ चढत असाव्यात. “सगळाच संपला. दोन्ही सिमचा, उद्याचा उधार घेतला होता तो पण. हसली ना ती?”

“हसल्या.”

“जोरात?”

“जोरात.”

“मग सांग तिला,” बाई म्हणाल्या, “दोन दिवस फोटो येणार नाही.” आणि मी उत्तर देण्याच्या आत त्यांनी फोन ठेवला.